‘धुराडं’मधली सूरीची जागा

सिद्ध्या, तुझ्या शोकसभेत तुझ्या फोटोपुढं बासरी ठेवली होती.

मोरपीस लावलेली. गोकुळाष्टमीपासून मराठी मंडळाच्या कपाटात पडून असेल. कुणीतरी म्हणालं, संगीतातला माणूस होता, समोर एखादं वाद्य पाहिजे, आणि हाताला लागलं ते ठेवलं. तुझ्या गिटारीनं तारनाक्यातल्या त्या गॅरेजचं शटर थरथरायचं, शेजारच्या काकूंच्या फळीवरचे डबे सरकायचे, आणि तुझ्यापुढं बासरी. अध्यक्ष बोलले, ‘सिद्धार्थच्या सुरांत एक सात्त्विक शांतता होती.’ मला आधी हसू आलं. मग इतका राग आला की मी खुर्चीची कड घट्ट धरून बसलो. गणपतीत आपण वाजवायला उभे राहिलो होतो तेव्हा दुसऱ्याच गाण्याला हेच अध्यक्ष उठले होते आणि स्वतःच्या हातानं मेन स्विच पाडला होता. ‘गाणं आहे का जनावर कापायलेत?’ हे त्यांचेच शब्द. आता म्हणे सात्त्विक.

मग मला बोलायला उभं केलं. ‘दत्ताभाऊ त्यांचे जवळचे मित्र.’ मी उभा राहिलो, ‘चांगला मित्र होता’ म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. वाटू दे. मी मुळात कमी बोलणारा, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या कमी बोलण्याच्या आड मी काय काय लपवत आलो ते तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. खाली उतरताना स्मरणिकेच्या संपादकांनी खांद्यावर हात ठेवला. ‘बोलवत नसेल तर लिहून द्या. चार हृद्य शब्द.’

हृद्य नाही जमणार. मला तुझा राग आलाय. तुला डेंग्यू झाला, ताप अंगावर काढत तू वर्कशॉपला जात राहिलास, आणि प्लेटलेटसाठी आम्ही धावाधाव करायच्या आत आटोपलंस. त्याचा राग आहेच. पण खरा राग दुसरा आहे, आणि तो सांगायचा तर आधी या वाचणाऱ्या मंडळींना आपण काय करत होतो ते सांगावं लागेल. यांच्यातल्या एकानंही ते नीट ऐकलेलं नाही.

तर मंडळी, आमचा बँड होता. ‘धुराडं’. नाव सिद्धार्थनंच ठेवलेलं, कारण याचे वडीलही रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आणि हाही तिथंच. गिटार आणि गाणं सिद्धार्थचं, बेस गिटार माझी, ड्रमवर सूरी. सूरी म्हणजे सूर्यनारायण, गुंटूरकडचा, राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यात नोकरीला. अबिड्‌सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं विकायला बसतात, तिथं सिद्धार्थला एकदा कव्हर नसलेल्या कॅसेटी मिळाल्या. परदेशातल्या कारखानेवस्तीतल्या पोरांनी आम्ही जन्मायच्या सुमाराला वाजवलेलं संगीत. संथ, जाड, धुरकट. लोखंडाचा रस ओतावा तसं. गाणं सुरू होतं आणि मध्येच रस्ता सोडून कुठंतरी भटकत जातं, बराच वेळ परतच येत नाही. आम्हाला त्याचं वेड लागलं. तिशी उलटलेले, बायकापोरांचे तीन बाप्ये दर रविवारी एका स्कूटर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये शटर अर्धं पाडून तसलं वाजवायचा प्रयत्न करायचे. गॅरेज सिद्धार्थच्या मेहुण्याचं, रविवारी बंद असायचं म्हणून मिळायचं.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी आमच्या बेगम बाजारच्या दुकानातून रिकामी पोती आणली होती. आठवतंय? भिंतींना सगळीकडून पोती ठोकली. एवढी अक्कल नव्हती की ती मिरचीची आहेत. मी बेसची जाड तार छेडली की भिंती हलायच्या, पोत्यांतून तिखटाची भुकटी झडायची, आणि तिघंही शिंकायला लागायचे. सूरी वन टू थ्री म्हणायचा, फोरच्या जागी शिंक. ‘दत्ताभाई, तेरा बेस नाक में घुसरा,’ असं तो म्हणायचा. पोती बदलू म्हणालो तर तू नाही म्हणालास. ‘राहू दे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, कसंही येवो.’

आणि तो अँप्लिफायर. बंद पडलेल्या एका टॉकीजमधून तू उचलून आणलेला, व्हॉल्व्हचा, दोघांनी धरल्याशिवाय हलायचा नाही. चालू केला की काही वाजवायच्या आधीच एकटाच ‘घूंऽऽ’ करत बसायचा. दुसरा कुणी असता तर ती घरघर काढायच्या मागं लागला असता. तू उलट्या डोक्याचा. ‘जाणार नसेल तर त्याला बँडात घेऊ,’ म्हणालास, आणि गिटारीच्या तारा सैल करत करत त्या घूंच्या पट्टीत आणून बसवल्यास. माझ्याही बसवायला लावल्यास. म्हणून आपला आवाज तसा जड होता आणि म्हणूनच जगातला दुसरा कुणी आपल्याबरोबर वाजवू शकत नव्हता. जो सुरात यायचा तो बेसूर लागायचा. उन्हाळ्यात करंट गेला आणि जनरेटरवर वाजवायची वेळ आली तर ते घूं खाली घसरायचं. मग तू चालू गाण्यात खुंट्या पिळत ओरडायचास, ‘उतर रे दत्त्या, उतर, आणखी उतर!’ मी उतरायचो. सूरी हसत हसत ताल आणखी संथ करायचा. समोरचे लोक समजायचे, हे असंच असतं.

मी त्या दिवसांत सुखी होतो. हे तुला कधी सांगितलं नाही. दुकानात दिवसभर हळद, धने, गिऱ्हाईक, वडिलांचा आवाज. आणि रविवारी ती घूं.

मग राज्याची वाटणी आली, आणि सूरीचं गुंटूर पलीकडच्या राज्यात जाणार होतं. त्या वर्षांत शहरातला प्रत्येक माणूस दुसऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा, तू कुठला? आज बंद, उद्या रास्ता रोको, विद्यानगरच्या रस्त्यावर विद्यापीठातल्या पोरांचे मोर्चे. आपण दोघं मराठी, म्हणजे या भांडणात ना इकडचे ना तिकडचे, पण मला भीती होती. बाजारात दुकान आहे, उद्या कुणी म्हणालं तुम्हीही बाहेरचेच, तर? मी तुला म्हणायचो, आपण जुन्या निजाम राज्यातली माणसं, इथलीच, हे दाखवायची हीच वेळ आहे. तू खवळायचास.

‘कुणाला दाखवायलास? भाषेवरून राज्यं केली तेव्हा नांदेड-परभणी तिकडं गेलं, तुझा आजा इथं राहिला, माझा आजा इथं राहिला. त्यांना विचारलं का कुणी? आपण मागच्या वाटणीत उरलेली माणसं आहोत, दत्त्या. आता या वाटणीत सूरीचं काय व्हायचं ते बघ. तुझं दुकान काही कुणी उचलून नेत नाही.’

‘तुला बोलायला काय जातं,’ मी म्हणायचो. ‘तुझी नोकरी केंद्राची.’

‘हौ. आणि तुझी भीती कुठल्या खात्याची?’

हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. मला अजूनही वाटतं की तू सगळं बरोबर नव्हतास. इथल्या लोकांचं दुखणं खरं होतं, त्यांना राज्य मिळायला हवंच होतं. पण भीतीचं म्हणशील तर तू बरोबर होतास.

नवीन राज्य झालं. त्या आनंदात विद्यानगरच्या एका हॉलमध्ये दुपारचा कार्यक्रम ठरला आणि ‘धुराडं’ला बोलावणं आलं. आपल्याला कधी कुणी आपणहून बोलावलं नव्हतं. बोलावणारा आमच्या बाजारातलाच माणूस, माझ्या ओळखीचा. त्यानं तुला विचारलं, तू हो म्हणालास. मग तो दुकानात आला आणि खालच्या आवाजात मला म्हणाला, ‘सेठ, एक बात. तुम्हारा ड्रमवाला उधर का है ना? उसको नक्को बिठाओ. पब्लिक चिल्लाती.’

त्यानं फक्त विनंती केली होती, हे मी इथं लिहून ठेवतो. धमकी नाही, जबरदस्ती नाही. मी नाही म्हणालो असतो तर फार तर कार्यक्रम गेला असता. मी म्हणालो, ‘मैं देख लेतूं.’

सूरीला फोन करून सांगितलं, प्रोग्रॅम कॅन्सल झाला. लग्नाच्या बँडमधला एक ड्रमवाला ठरवला. तुला काहीच सांगितलं नाही. तू हॉलवर आलास, स्टेजवर परका माणूस बसलेला पाहिलास आणि माझ्याकडं वळलास. ‘सूरी कुठाय?’ मी म्हणालो, ‘आला नाही.’ तू माझ्याकडं बघत राहिलास. समोर हॉल भरलेला. तू गिटार गळ्यात घातलीस.

पहिलं गाणं झालं. मग ‘भोंगा’ सुरू केलंस, आपलं सगळ्यात मोठं. त्याच्या मध्यावर गिटार आणि बेस थांबतात आणि सूरी एकटा वाजवतो. तिथं आलो तसा तो लग्नातला माणूस हात शिवशिवत पुढं सरसावला. तू हात वर करून त्याला थांबवलंस. मला थांबवलंस. आणि नुसता उभा राहिलास. अँप्लिफायरचं ‘घूं’ तेवढं चालू. सूरीनं जेवढा वेळ घेतला असता तेवढा पुरा वेळ. लोक शिट्ट्या मारायला लागले. कुणीतरी ओरडलं, ‘करंट गया क्या बे?’ तू हलला नाहीस. तू पायानं त्याचा ताल धरला होतास, मला दिसत होतं. मग एकदम पुढचा भाग सुरू केलास.

मला त्या वेळी काय वाटलं सांगू? लाज नाही वाटली. वाटलं, हा चारचौघांत माझी इज्जत काढायलाय. मी तुझ्यावर चिडलो होतो, सिद्ध्या. त्या दिवशीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोटो टाकले आणि सूरीनं ते पाहिले. त्याचा फोन आधी मला आला. ‘कौन निकाला मेरेकू?’ मी म्हणालो, ‘सिद्धू को पूछ.’

तीनच शब्द. मी स्वतःला कितीदा समजावलं की यात खोटं काही नाही. विचार म्हणालो, तुझं नाव कुठं घेतलं? पण मी ते तुझ्या गळ्यात बांधलं आणि फोन ठेवला.

त्यानं तुला विचारलं. तू नुसतं एवढंच विचारलंस, ‘दत्ता क्या बोला?’ तो म्हणाला, तुमको पूछने बोला. आणि तू म्हणालास, ‘हौ. मैंच निकाला.’

कामून? सांग ना, कामून? आता सांगता येणार नाही म्हणून विचारतोय असं समजू नकोस, तेव्हाही विचारलं होतं. गॅरेजमध्ये दोघंच होतो. तू भिंतीवरची पोती काढत होतास. म्हणालास, ‘तुझ्या तोंडून येऊ दे. मी कशाला चुगली करू? मी थांबतो.’ बस. आणि तू खरोखर थांबलास. सूरीनं तुला आईवरून शिव्या दिल्या, तू ऐकून घेतल्यास. सरकारी नोकरांच्या वाटणीत त्याचं नाव पलीकडच्या राज्याच्या यादीत लागलं, पुढं ऑफिस हललं, तो बायकापोरांना घेऊन विजयवाड्याला गेला, तुला न भेटता. तू थांबलेलाच.

यालाच लोक मोठेपणा म्हणतात. मी म्हणतो, हा तुझा माज होता. मला दर वेळी दिसायचास तू, भाजी घेताना, वर्कशॉपच्या बसची वाट बघताना, आणि काही बोलायचा नाहीस. ‘काय दत्त्या, बरं हाय ना?’ एवढंच. तू मला दोन कानफटात दिल्या असत्यास तर मी मोकळा झालो असतो. तू मला सोडून दिलंस माझ्या हवाली. आणि मी किती नालायक निघतो ते तुला बघायचं होतं का? मग बघ.

कारण एवढ्यावर थांबलं नाही. ती गोष्ट मंडळातही पसरली. एका बारशाच्या पंक्तीत विषय निघाला. आपल्यातलाच एक जण, आज या स्मरणिकेत त्याचाही लेख असेल, म्हणाला, ‘बिचाऱ्या ड्रमवाल्याला ऐनवेळी काढलं म्हणे सिद्धार्थनं. असलेच ते. त्यांच्याकडून दुसरं काय होणार?’ ‘ते’ म्हणजे कोण आणि ‘त्यांच्याकडून’ म्हणजे कुणाकडून, हे पंक्तीतल्या प्रत्येकाला कळलं. तुमच्या घरातल्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी लहानपणापासून जेवत आलो. मलाही कळलं. मी पुरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. म्हणालो नाही, की काढलं ते मी, आणि मी तर ‘तुमच्यातला’. सूरीशी केलेली लबाडी भीतीतून झाली असं मी म्हणू शकतो. या पुरीच्या तुकड्याला माझ्याकडं काही सबब नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सूरी आला. मला माहीत नव्हतं. मी तुझ्या घराकडं निघालो होतो, तर तो फाटकाबाहेर उभा. विजयवाड्याहून सकाळच्या गाडीनं आलेला, खांद्यावर पिशवी, केस बरेच पांढरे झालेत. आत जात नव्हता.

‘चल ना,’ मी म्हणालो.

‘कैसा जाऊं, दत्ताभाई? आखरी बात क्या किया मैं उससे? गाली दिया. अब भाभी को क्या मुंह दिखाऊं?’ मग स्वतःशीच तेलुगूत काहीतरी पुटपुटला. ‘गुस्सा अब्बी भी है मेरेकू. मर गया तो भी है. दोस्त होके निकाला मेरेकू.’

तो परत जाणार होता, सिद्ध्या. पिशवी या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली होती त्यानं. तो तसाच गाडीत बसला असता आणि उरलेला जन्म तुझा राग करत राहिला असता. मी गप्प राहिलो असतो तर माझं काहीही बिघडलं नसतं. साक्षीदार संपला होता. हा विचार माझ्या मनात आला, अगदी स्पष्ट आला, आणि त्याचीच मला किळस आली.

मी म्हणालो, ‘वो नई निकाला. मैं निकाला.’

त्याला आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. दुकानात आलेला माणूस, कॅन्सलचा फोन, ‘सिद्धू को पूछ’. मग ‘भोंगा’तली ती रिकामी जागा सांगितली, तू हात वर करून उभा राहिलास ती. तिथं सूरीनं माझी कॉलर धरली. मारलं नाही. ‘पूरा टैम? पूरा टैम खड़ा रहा?’ एवढंच विचारत राहिला. मी हो म्हणालो. त्यानं कॉलर सोडली, फाटकाचा गज धरला आणि रस्त्यावर लोक जात असताना हुंदके देऊन रडला. ‘मेरे बच्चे को मैं उसका नाम नई लेने देता था रे. तू क्या आदमी है? एमय्या, तू आदमीच है क्या?’

मग तोंड पुसून म्हणाला, ‘अब मेरेकू बोला तो क्या हुआ? अंदर चल. भाभी के सामने बोल. मराठी में बोल, मेरेकू समझती.’

वैशाली वहिनींसमोर मी परत सगळं बोललो. मला वाटायचं तू निदान त्यांना तरी सांगितलं असशील. नाही ना सांगितलंस! त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा दगडासारखा होत गेला.

‘भाऊजी,’ त्या म्हणाल्या, ‘मी त्यांना त्या वेळी म्हटलं होतं, सूरीभाऊंशी असं वागायला लाज नाही वाटली? महिनाभर धड बोलले नव्हते मी त्यांच्याशी. ते गप जेवून उठायचे. आणि तुम्ही दर दिवाळीला या घरात येऊन फराळ करून जात होतात.’

मी काहीतरी म्हणायला गेलो.

‘माझ्यापुढं बोलून काय होतंय? जिथं त्यांचं नाव घेतलं गेलं तिथं जाऊन बोला. तुमच्या मंडळात. आणि आता उठा. सूरीभाऊ, तुम्ही बसा, जेवून जायचं.’

मी उठलो. मी दारातून बाहेर पडेपर्यंत सूरीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

म्हणून हे चार शब्द मंडळाच्या स्मरणिकेत. संपादक, यातलं एक वाक्यही कापायचं नाही. कापलंत तर पुढच्या सभेत मी उभा राहून तोंडानं सांगेन, आणि आता मला बोलता येतं. सूरीला सिद्धार्थनं काढलं नाही. मी काढलं, दत्ता शिंदेनं. पंक्तीत जे बोललात ते माझ्या नावानं परत बोलून बघा, जमतंय का.

आणि सिद्ध्या, मला माफ कर असं मी म्हणणार नाही. तू लगेच केलं असतंस.